‘बदलले’, ‘दिले’, ‘घेतले’ : गृहनूतनीकरणाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची भाषा

१

घराचे रूप पालटून दाखविणे हा गेल्या काही दशकांत दूरचित्रवाणीवरील एक स्वतंत्र कार्यक्रमप्रकार होऊन बसला आहे. त्याची रचना सर्वपरिचित आहे. आरंभी एक अंधारी, अडगळीची, ओल धरलेली जागा दाखविली जाते. मग रचनाकार येतो; भिंती पाडल्या जातात, रंगाचे डबे उघडतात, घरची मंडळी काही दिवसांसाठी बाहेर पाठविली जातात; आणि अखेरीस पडदा दूर होऊन त्यांच्या मुखातून आश्चर्याचा उद्गार बाहेर पडतो. या प्रकारावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक, तो व्यापारी झाला आहे. दुसरा, तो बनावट झाला आहे. दोन्ही आक्षेप खरे आहेत, परंतु पुरेसे नाहीत. व्यापार व बनाव हे प्रत्येक लोकप्रिय रंजनप्रकाराला थोडेबहुत चिकटलेलेच असतात. या विशिष्ट प्रकारात त्यांनी नेमके काय बिघडविले हे सांगितल्यावाचून टीका पूर्ण होत नाही. हा बिघाड कार्यक्रमांच्या भाषेत, आणि भाषेतही विशेषेकरून क्रियापदांत, सर्वांत स्पष्टपणे उमटला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. धाराशिव जिल्ह्यासारख्या, घरदुरुस्तीचा फार मोठा व कटू अनुभव गाठीशी असलेल्या प्रदेशात त्याकडे केवळ अभिरुचीचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही, हेही येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम या प्रकाराचा प्रवास थोडक्यात पाहणे इष्ट होय. अमेरिकेत बॉस्टन येथील डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीने १९७९ साली ‘धिस ओल्ड हाऊस’ हा कार्यक्रम सुरू केला. एकाच जुन्या घराचे काम अनेक भागांतून सावकाश दाखवावयाचे, सुतार व नळकारागीर यांना कामाविषयी बोलते करावयाचे, अशी त्याची पद्धती होती. तेथेही व्यापाराचा शिरकाव लवकरच झाला. सूत्रधार बॉब व्हीला यांना बाहेरच्या जाहिरातींतील सहभागावरून झालेल्या वादामुळे १९८९ मध्ये कार्यक्रम सोडावा लागला. तथापि काम हेच त्या कार्यक्रमाचे नायक होते. १९९६ साली बीबीसीने सुरू केलेल्या ‘चेंजिंग रूम्स’ने नायकपद कालमर्यादेला दिले. दोन शेजाऱ्यांनी परस्परांची एकेक खोली दोन दिवसांत व पाचशे पौंडांत सजवावयाची, असा त्याचा नियम. २००३ ते २०१२ या काळात एबीसी वाहिनीवर चाललेल्या ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन’मध्ये एखाद्या गरजू कुटुंबाचे संपूर्ण घर सात दिवसांत उभे राहू लागले, आणि प्रायोजकांचा माल कथानकाचाच भाग बनला. ‘चेंजिंग रूम्स’ २०२१ मध्ये चॅनेल फोरवर पुन्हा अवतरला, तो एका रंगकंपनीच्या आश्रयाने. काम, मग कालमर्यादा, मग माल, अशी ही उतरण आहे.

मराठी प्रेक्षकापर्यंत हा प्रकार आला तो इंग्रजी व हिंदी वाहिन्यांतून, आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून. एशियन पेन्ट्स या रंगकंपनीची ‘व्हेअर द हार्ट इज’ ही मालिका नामवंतांची सजलेली घरे दाखविते. २०२२ साली आलेल्या ‘ड्रीम होम्स विथ गौरी खान’मध्ये चित्रपटसृष्टीतील व्यक्तींच्या वास्तूंचा कायापालट हाच विषय आहे. पहिल्या उदाहरणात जाहिरातदार व निर्माता यांच्यातील अंतरच उरलेले नाही. पूर्वी कार्यक्रमाच्या मध्यंतरात जाहिरात येत असे. आता जाहिरातीलाच भाग व पर्वे असतात.

२

आता भाषेकडे वळू. घराच्या कामासंबंधी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांत काळाकडे पाहण्याच्या निरनिराळ्या दृष्टी दडलेल्या आहेत. ‘डागडुजी’ हा घरगुती शब्द. तीत काम लहान, पण कधीच न संपणारे असते. ‘दुरुस्ती’ फारसीतून आली. ‘दुरुस्त’ म्हणजे बरोबर, धड. वस्तू पूर्वी कशी धड होती याचे स्मरण त्या शब्दात आहे. ‘जीर्णोद्धार’ या संस्कृत समासात तर जुनेपण हेच पूर्वपद आहे. ज्याचा उद्धार करावयाचा त्याचे जीर्णत्व तो शब्द लपवीत नाही. याचे उत्तम उदाहरण धाराशिव जिल्ह्यातच तेर येथे पाहावयास मिळते. तेथील त्रिविक्रम मंदिराची मूळ विटांची गजपृष्ठाकार वास्तू व तिच्यापुढे उत्तरकाळात जोडलेला सपाट छताचा मंडप यांतील सांधा आजही कोणाच्याही डोळ्यांना दिसतो. जुने व नवे एकमेकांशेजारी उभे आहेत आणि कोणीही दुसऱ्याचे सोंग घेतलेले नाही. याउलट ‘नूतनीकरण’ या शब्दात जुन्याचा मागमूस नाही. ‘मेकओव्हर’ हा शब्द त्याच्याही पुढचा. त्याचा संबंध शृंगाराशी, चेहऱ्याला दिलेल्या नव्या रूपाशी अधिक आहे. घराला तो लावताच भिंत ही त्वचा ठरते, आणि त्वचेखाली काय आहे हा प्रश्न अप्रस्तुत होतो.

परंतु नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी असतात. मराठीत घरकामाविषयी तीन प्रकारची वाक्ये संभवतात. ‘मालकाने गवंड्याकडून भिंत बांधून घेतली’ हा पहिला प्रकार. यात करविता तृतीयेत उभा आहे, प्रत्यक्ष करणारा ‘कडून’ने दाखविला आहे, आणि ‘घेणे’ या सहायक क्रियापदाने कामाचे फळ करवित्याकडे आणले आहे. कोणी ठरविले, कोणी केले, कोणासाठी केले, या तीनही प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात मिळतात. ‘संस्थेने लोकांना घरे बांधून दिली’ हा दुसरा प्रकार. यात दाता तृतीयेत व घेणारा चतुर्थीत; राहणाऱ्याचे कर्तृत्व गेले, तरी व्यवहार उघड आहे. तिसरा प्रकार ‘खोली खुलली’, ‘घर सजले’, ‘जागा बदलली’ असा. क्रियापद अकर्मक, कर्त्याच्या जागी खोली किंवा जागाच बसलेली. कोणी केले, कोणाच्या सांगण्यावरून केले, किती दिले, हे विचारावयास व्याकरणात जागाच उरत नाही.

नूतनीकरणाच्या कार्यक्रमांची भाषा ही बव्हंशी तिसऱ्या प्रकारची भाषा आहे. वस्तुतः तेथे घडलेले असते ते दुसऱ्या प्रकारचे: प्रायोजकाने करून दिलेले असते. प्रेक्षकाला भासविले जाते ते मात्र पहिल्या प्रकारचे, म्हणजे कुटुंबाने आपल्या मनासारखे करून घेतले असे. ‘दिले’ हे ‘घेतले’ म्हणून विकावयाचे आणि सांगताना ‘बदलले’ म्हणावयाचे, हा या प्रकाराचा मूळ बनाव होय. इतर बनाव त्याच्या पोटात येतात. अमेरिकेतील ‘हाऊस हंटर्स’ या घरखरेदीच्या कार्यक्रमात भाग घेणाऱ्या एका कुटुंबाने ‘निवडलेले’ घर आधीच विकत घेतलेले होते, हे २०१२ साली उघडकीस आले. त्या वेळी जो गदारोळ झाला तो निवड खोटी ठरल्यामुळे झाला. परंतु निवडीचे सोंग हे त्या एका कार्यक्रमाचे स्खलन नसून सबंध प्रकाराचा पाया आहे.

‘बदलणे’ हे क्रियापद येथे मोठे मार्मिक ठरते. ते सकर्मकही आहे व अकर्मकही. त्यामुळे कर्ता गाळला तरी वाक्य लंगडे वाटत नाही. पण रोजच्या मराठीत ‘आम्ही घर बदलले’ असे कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ बिऱ्हाड हलविले असा होतो. पडद्यावर डोळ्यांवरची पट्टी सोडून स्वतःच्याच दिवाणखान्यात बावरलेल्या गृहिणीकडे पाहिले म्हणजे हा अर्थ फारसा चुकीचा वाटत नाही. ती पत्ता न बदलता परक्या घरात राहावयास आलेली असते.

क्रियापदांबरोबरच वाक्यांची जातही बदलते. ज्याच्या घरी कधी गवंडी लागला असेल त्याला ठाऊक आहे की, घरकामाची भाषा ही प्रश्नांची, संख्यांची व हुज्जतीची भाषा असते. वाळू किती पाट्या, सिमेंट किती गोण्या, मजुरी रोजावर की उक्ती, पावसाळ्यापूर्वी होईल काय, शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का लागेल काय, हे तिचे विषय. कार्यक्रमांत हिशेब गाळला जातो, हुज्जत कापली जाते आणि उद्गार तेवढा उरतो. उद्गाराचे वैशिष्ट्य असे की त्याला उत्तर देता येत नाही. संवाद तेथे संपतो.

३

या भाषेची पारख करण्यास धाराशिव जिल्हा हे योग्य स्थळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, चार वाजण्याच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. किल्लारीचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर व त्याच्या आसपासच्या गावांनीही तोच घाव सोसला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. त्या मानाने एवढी मोठी हानी होण्यास पहाटेच्या झोपेची वेळ आणि घरांची बांधणी ही दोन प्रमुख कारणे सांगितली जातात.

ही बांधणी समजून घेतली पाहिजे. दगडाच्या रुंद भिंती, मातीत रचलेल्या. त्यांचे आतील व बाहेरील असे दोन पदर, मध्ये दगडगोट्यांची भरती. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलच, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हेच माळवद. घराचे माप खणांत, म्हणजे दोन तुळयांमधील अंतरात. उन्हाळ्यात गारवा देणारे हे छप्पर गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती घातली जाई. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या डागडुजीनेच माळवदाचे वजन वाढत गेले. भिंतीच्या दोन पदरांना बांधणारे आरपार दगड बहुधा नसत. हादरा बसताच पदर फुगून सुटे झाले, भिंती ढासळल्या व माळवद खाली आले. यास्तव जुन्या डागडुजीचे गोडवे गाऊन नव्या सजावटीची निंदा करणे येथे शक्य नाही. येथील लोकांना जुन्याने दगा दिला होता.

त्यानंतर जे घडले ते महाराष्ट्रातील घरदुरुस्तीच्या सर्वांत मोठ्या प्रयोगांपैकी एक होय. जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमाचे दोन मुख्य भाग होते. अत्यंत हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर गावांतील घरांचे, जागच्या जागी, ‘दुरुस्ती व मजबुतीकरण’ करावयाचे ठरले. पहिल्या भागाची भाषा मुख्यतः ‘बांधून दिले’ अशी होती. देशभरातील संस्थांनी गावे ‘दत्तक’ घेतली, आखीव रस्त्यांवर घरांच्या ओळी उभ्या केल्या व समारंभपूर्वक लोकांच्या स्वाधीन केल्या. हेतू निःसंशय चांगला होता आणि निवारा तातडीने हवा होता. परंतु त्या घरांत राहणाऱ्यांनी पुढील वर्षांत काय केले ते पाहण्याजोगे आहे. कोणी पुढे ओसरी काढली, कोणी गुरांसाठी पत्र्याची शेड घातली, कोणी आवार भिंतीने बंद केले. जे बांधून दिले होते ते लोक हळूहळू आपल्यासाठी बांधून घेऊ लागले. ‘दिले’चे ‘घेतले’ होण्यास वर्षे लागली. समारंभाच्या दिवशी ते झाले नव्हते.

दुसऱ्या भागात घरमालकालाच काम करवून घ्यावयाचे होते. येथे एक पदनाम निर्माण झाले, त्याची नोंद भाषेच्या अभ्यासकाने अवश्य घ्यावी: ‘संवाद सहायक’. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या सहकार्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया या कामी नेमल्या गेल्या. अनुदान कसे मिळते, आरपार दगड कोठे बसवावयाचा, माळवदावरील माती किती उतरवावयाची, दारे-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा कशासाठी, हे घरोघरी समजावून सांगणे आणि घरच्यांचे प्रश्न अभियंत्यांपर्यंत नेणे, हे त्यांचे काम. घराच्या कामात बोलण्यालाही जागा लागते, हे येथे शासकीय पदरचनेने मान्य केले. हा प्रयोग सर्वस्वी यशस्वी झाला असे मात्र नव्हे. दगडाची धास्ती इतकी बसली होती की अनेकांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी त्या पैशांत शेजारी नवी पक्की खोली बांधणे पसंत केले. तज्ज्ञांच्या दृष्टीने ती चूक असेल. पण ती घरमालकाची स्वतःची, हिशेब करून, हुज्जत घालून केलेली निवड होती. तिच्या चुकण्यातही कर्ता हरवलेला नव्हता.

४

या अनुभवाच्या कसोटीस नूतनीकरणाचे कार्यक्रम लावले, म्हणजे त्यांचे उणेपण केवळ सौंदर्यविषयक राहत नाही. ‘चेंजिंग रूम्स’मधील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका घरमालकिणीच्या दुर्मिळ किटल्यांचा संग्रह ठेवण्यासाठी रचनाकाराने टांगती मांडणी केली. ती दिसावयास देखणी होती, पण भार न पेलून कोसळली आणि किटल्या फुटल्या. ब्रिटनमध्ये त्याचा विनोद झाला. ज्या जिल्ह्यात छप्पर कोसळून गावे गेली, तेथे या विनोदाला वेगळी छटा येते. भार पेलणे व सुंदर दिसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि कॅमेऱ्याला दुसरीच तेवढी दिसते. भारतीय मानक ब्यूरोने इमारतींच्या दुरुस्ती व भूकंपरोधक मजबुतीकरणाविषयी मार्गदर्शक मानक, आय. एस. १३९३५, हे १९९३ सालीच प्रसिद्ध केले होते. त्यात सांगितलेले जवळजवळ सर्व काम गिलाव्याच्या आत जाते. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने ते झालेच नाही असे होते. आरपार दगडाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे नसतात.

छायाचित्र हे स्वतः दोषी आहे असे नव्हे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात, जी २०१६ पासून अमलात आली, घरकुलाची छायाचित्रे टप्प्याटप्प्याने, स्थाननोंदीसह घेतली जातात, आणि त्यांवर अनुदानाचे हप्ते अवलंबून असतात. सपाट प्रदेशातील घरासाठी केंद्राच्या निकषानुसार १ लाख २० हजार रुपयांचे ते अनुदान. तेथील छायाचित्र काम झाल्याचा पुरावा असते. पाया, जोते, छत यांची ती साक्ष असते. कार्यक्रमातील छायाचित्र काम झाकण्याचे साधन होते. जोत्यापर्यंत येऊन पुढच्या हप्त्याची वाट पाहणारा लाभार्थी संध्याकाळी भ्रमणध्वनीवर सात दिवसांत उभा राहिलेला बंगला पाहतो, तेव्हा या दोन छायाचित्रांतील अंतर कोणी त्याला समजावून सांगत नाही. आपलेच काम रेंगाळले, आपलेच घर मागे राहिले, एवढे त्याच्या मनात उरते.

या कार्यक्रमांच्या बाजूने जे म्हणता येते तेही नमूद केले पाहिजे. स्वयंपाकघरात उजेड असावा, न्हाणीघरात हवा खेळावी, वृद्धांसाठी दांडी व मुलांसाठी अभ्यासाची जागा असावी, या गोष्टी त्यांनी सर्वसामान्यांच्या बोलण्यात आणल्या. घराच्या मांडणीविषयी गृहिणीला मत असते हे पुष्कळ घरांत प्रथमच उच्चारले गेले असेल. प्रायोजक आहे एवढ्यावरून कार्यक्रम त्याज्य ठरत नाही. २००४ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’चे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तोही प्रायोजित होता, त्यातही पैठणीचे आमिष होते आणि भावनेचा पूर फार सहज येई. तरीही सूत्रधार आदेश बांदेकर घरात शिरत ते ‘भावोजी’ या नात्याने, आणि समोरची स्त्री ‘वहिनी’ असे. नाते औपचारिक व क्षणिक खरे, पण त्या नात्याच्या मर्यादेमुळे घर आहे तसेच राही; पाहुण्याने यजमानाच्या भिंतीला हात लावावयाचा नसतो. बोलावयाचे ते वहिनींनी, आपल्या ओसरीवर बसून. नूतनीकरणाच्या कार्यक्रमात नाते पालटते. रचनाकार यजमान होतो व घरचे लोक ‘क्लायंट’, म्हणजे स्वतःच्या घरी आलेले पाहुणे ठरतात. त्यांच्या वाट्याला प्रश्न येत नाहीत. आभार मानणे येते.

याच एशियन पेन्ट्सच्या एका जुन्या हिंदी जाहिरातीचा आशय असा होता की, प्रत्येक घर काही ना काही सांगत असते. कल्पना हृद्य आहे, पण तिच्यातील व्याकरणही तपासून पाहावे. घर बोलू लागले की घरचे गप्प बसतात. भिंतीला वाचा देण्याचे औदार्य आणि राहणाऱ्याची वाचा काढून घेणे या दोन क्रिया येथे एकत्र घडतात.

५

सारांश, या कार्यक्रमांवरील टीकेचा रोख प्रायोजकाच्या नावावर किंवा रचलेल्या प्रसंगांवर ठेवून भागणार नाही. मूळ प्रश्न कर्त्याचा आहे. त्यांची परीक्षा तीन साध्या प्रश्नांनी करता येईल: काम कोणी ठरविले, पैसे कोणी व किती दिले, आणि कॅमेरा गेल्यानंतर ते घर कोणी चालविले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कडू असते. ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर’मध्ये मिळालेल्या मोठ्या घरांचा कर व वीजखर्च न पेलल्यामुळे काही कुटुंबांना ती विकावी लागली, काहींवर जप्ती आली, हे अमेरिकन वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आहे. तो भाग त्या कार्यक्रमाच्या कथानकात बसणारा नव्हता.

धाराशिव जिल्ह्यात १९९३ नंतर जन्मलेली पिढी आता स्वतःची घरे बांधू लागली आहे. माळवद कोसळल्याची आठवण तिला नाही. ती आई-वडिलांच्या बोलण्यात आहे. त्याच घरात, त्याच बैठकीत, पडद्यावरचे घर अकर्मक क्रियापदांत ‘खुलत’ असते. जुन्या दगडी भिंतीला पडलेली भेग पाहून ती कोणाला दाखवावी, की तिच्यावर कोणता रंग द्यावा, यांपैकी कोणता प्रश्न या पिढीला आधी सुचेल, हे पुष्कळ अंशी ती कोणती भाषा ऐकून मोठी झाली यावर अवलंबून राहील. ‘मजबुतीकरण’ हा शब्द बोजड आहे, शासकीय आहे, पडद्यावर शोभणारा नाही. परंतु तो या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन मिळविला आहे. आणि गावातील स्त्रियांनी घरोघर जाऊन त्याचा अर्थ सांगितला आहे.